हसण्याचे तीन हप्ते

हळ्ळी म्हणजे कानडीत खेडं, आणि खेड म्हणजे मराठीत हळ्ळी. त्यामुळे बिदर जिल्ह्यातल्या आमच्या हळ्ळीखेडचा सरळ अर्थ काढला तर 'गावगाव' असा होतो. एवढ्यानं भागलं नाही म्हणून पुढे कंसात 'बी' आहे. हा बी बियाण्याचा नाही, फारसीतल्या बुजुर्गाचा. महाराष्ट्रात त्याचा बुद्रुक झाला, आमच्याकडे त्याचं एकच अक्षर शिल्लक राहिलं. नावातच तीन भाषा असलेल्या गावात विनोदी मालिका कशी बघतात, हे पुण्यामुंबईच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तरी सांगतो.

विस्मरणात गेलेल्या मालिकांची यादी करायला बसलं की लोक आधी 'चिमणराव गुंड्याभाऊ'चं नाव घेतात. सत्तरचं दशक संपता संपता मुंबई दूरदर्शनवर ती लागायची. चि. वि. जोशींचा चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मुंबईच्या लहरी आमच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. आमच्याकडच्या अँटेनाचं तोंड एक तर गुलबर्ग्याकडे असायचं, नाहीतर हैदराबादकडे. गुलबर्ग्याला टीव्ही बंगळूरूच्या आधी आला, ह्याचा आमच्या भागाला अजून अभिमान आहे. दुसरं काहीच आधी आलेलं नसल्यामुळे.

तर चिमणराव मी बघितला नाही, ऐकला. पुण्याचे काका मे महिन्यात यायचे आणि रात्री माळवदावर अंथरुणं पडली की आख्खा भाग करून दाखवायचे. मान खांद्यात घातली की चिमणराव, छाती पुढे काढली की गुंड्याभाऊ. बायकांच्या भूमिकांसाठी टॉवेल डोक्यावरून. फार वर्षांनी प्रभावळकरांना त्या भूमिकेत पाहिलं, तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की हा माणूस काकांची नक्कल बरी करतो.

माझ्या स्वतःच्या यादीत पहिलं नाव 'मिस्टर योगी'चं आहे. साल 1989. मधु राय यांच्या गुजराती कादंबरीवरून केतन मेहतांनी केलेली मालिका. अमेरिकेतून लग्नासाठी आलेला योगेश पटेल बारा राशींच्या बारा मुली बघतो, एवढंच कथानक. योगी झाले होते मोहन गोखले आणि मधेमधे येऊन त्याची खोड काढणारे सूत्रधार ओम पुरी. गोखल्यांचा चेहरा असा, की हा माणूस मुलगी बघायला आलाय की दाढ दाखवायला, ते कळू नये. लोकांना आज 'वागले की दुनिया' आठवते, 'मुंगेरीलाल' आठवतो. योगीचं नाव काढलं की समोरचा योगासनांबद्दल बोलायला लागतो.

त्याच दिवसांत मावशीला बघायला भालकीहून पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, आणि नेमकी मालिकेची वेळ झाली. टीव्ही बंद ठेवायचा असं ठरलं होतं. पण नवरदेवच म्हणाला, लावा की. लावला. मावशी ट्रे घेऊन दारात उभी आणि आख्खी बैठक दुसऱ्याच मुली बघण्यात दंग. ऐन रंगात करंट गेला. त्या मिट्ट काळोखात आज्जीचा आवाज आला, "बारा पोरी बघून बी एक ठरंना! असल्याला कोण पोरगी देईल गं?"

पाहुण्यांच्या बाजूनं कुणीतरी खोकलं. मुलाची ही नववी मुलगी होती, हे नंतर कळलं.

लग्न जमलं. मावशी अजून म्हणते, त्या दिवशी लाईट असती तर मी त्याचं तोंड नीट बघितलं असतं.

करंटच्या कृपेनं मला योगीच्या बारा राशींपैकी पाचच माहीत आहेत. पुढे मोबाईलवर सगळे भाग बघायची सोय झाली तरी बघितले नाहीत. उरलेल्या सात मुली मीच मनात रचलेल्या आहेत, आणि त्यातली वृश्चिकेची तर फारच झकास जमलीय. (योगीतच काम केलेल्या शुभांगी गोखले पुढे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त सून झाल्या आणि 'लापतागंज'मध्ये मिश्री मौसी. टिपऱ्यांना सगळे ओळखतात, त्यांना माझी गरज नाही. पण शरद जोशींच्या लिखाणावरचं 'लापतागंज' कुणी आठवत नाही, ह्याचं मला वाईट वाटतं. आमचं गावही बरंचसं तसंच आहे.)

केबल आलं आणि 'जबान संभाल के' दिसायला लागली. इंग्रजी 'माइंड युवर लँग्वेज'वरून घेतलेली, 1993 ची. पंकज कपूर हिंदी शिकवतात, वर्गात नाना मुलखांची माणसं, प्रत्येकाची हिंदी वेगळ्या जागी मोडलेली. आमच्या घरात कुणी हसेना. वडील म्हणाले, "ह्यात हसायलेत कशाला? हा तर आपला आठवडी बाजार हाय." आज्जीनं फक्त विजू खोट्यांना जवळ केलं, कारण त्यांच्या पात्राचं नाव होतं विठ्ठल बापूराव पोटे. विठ्ठल आहे म्हटल्यावर मालिका चांगलीच असणार.

खरा मोसम पुढे आला. 1956 साली भाषावार वाटणीत आमचा जिल्हा वाटला गेला, उदगीर मराठी मुलखात आणि आम्ही कानडी मुलखात. त्यानंतर 44 वर्षांनी ईटीव्ही मराठी आणि ईटीव्ही कन्नड एकाच वर्षी सुरू झाल्या, आणि दोन्हींचं बिऱ्हाड हैदराबादजवळ, रामोजी फिल्म सिटीत. निजाम गेला, पण आमचं मराठी हसू आणि कानडी हसू, दोन्ही अजून हैदराबादहूनच सुटत होतं.

कन्नडवर 'पाप पांडु' लागायची, सिहि कहि चंद्रू यांची. कानडीत पाप म्हणजे बिच्चारा. बायकोपुढे चळचळ कापणारा बिच्चारा पांडू. आज्जीनं नाव ऐकलं आणि तिच्या डोळ्यांपुढे महाभारत उभं राहिलं: हरणाच्या रूपातल्या ऋषीला मारणारा पंडुराजा आणि त्याचं पाप. पहिला भाग तिनं हात जोडून बघितला. पांडूला बायकोनं झोडपलं तेव्हा ती समाधानानं म्हणाली, "भोगावंच लागतंय."

मग 'सिल्ली लल्ली' आली आणि तिच्यात निघाला डॉक्टर विठ्ठलराव. रविशंकर गौडांनी रंगवलेला हा डॉक्टर आणि त्याची समाजसेविका बायको ललितांबा ह्यांना बंगळूरूत अजून लोक आठवतात म्हणे. विंध्याच्या अलीकडे-पलीकडे बाकी कुणाला पत्ता नाही. आज्जीनं जाहीर केलं की डॉक्टर मराठी आहे. शेजारचे अप्पा म्हणाले, "नम्मवा री!" म्हणजे आमचाच माणूस. आज्जीनं पंढरपूर काढलं. अप्पांनी थेट ज्ञानदेवांचाच दाखला दिला, की तुमच्याच माउलींनी त्याला कानडा म्हटलंय. ह्या वादात डॉक्टरचे तीन रुग्ण येऊन गेले.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसलो होतो. गावातली एकमेव बिनपगारी दुभाष्याची नोकरी मला मिळाली. बंगळूरूची कानडी अप्पांनाही अर्धीच कळायची, कारण आमची बिदरची कानडी वेगळ्या पाण्यावर वाढलेली. तरी आधी अप्पा हसायचे. मग मी मराठीत सांगायचो, की आज्जी आणि काकू हसायच्या. मग काकू दारात बसलेल्या खालांना दखनीत सांगायची. खाला विचारायच्या, "क्या बोला उने?" परत सांगणं, आणि मग त्यांचं ते पोट धरून हसणं. तोवर पडद्यावर जाहिरात लागलेली असायची. खाला साबणाच्या जाहिरातीला हसतायत हे बघून अप्पा पुन्हा हसायचे. एका विनोदाचे तीन हप्ते, वर अप्पांचं व्याज.

आता कबूल करायला हरकत नाही. शब्दांवरची कोटी मराठीत यायची नाही, तिथे मी पदरचा विनोद घालायचो. पुढे काकू खालांना सांगताना तिच्या पदरचा घालायची. एकदा डॉक्टर विठ्ठलराव नुसता "आत या" म्हणाला होता. खालांपर्यंत पोचेस्तोवर त्याची दोन लग्नं झालेली होती.

आज्जी आता नाही. अप्पा मुलाकडे हुमनाबादला असतात, काकू सोलापुरात, मी पुण्यात. परवा मोबाईलवर डॉक्टर विठ्ठलरावाचा एक तुकडा सापडला, तो सगळ्यांना धाडला. अप्पांचा हसरा चेहरा पाच मिनिटांत आला. काकूचा फोन दुसऱ्या दिवशी, "काय म्हणायलाय रे तो?" सांगितलं, अर्थात पदरचं घालून. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवत असताना अनोळखी नंबरावरून फोन वाजला. उचलला तर पलीकडे बोलणं काहीच नाही, नुसतं हसणं.