तंटामुक्त टाकीचे अध्यक्ष

नागपुराहून कोणत्याही दिशेने निघा, साडेपाचशे किलोमीटरच्या आत समुद्र हाती लागत नाही. बहुतेक नागपूरकरांनी ही गोष्ट कधी मनाला लावून घेतलेली नाही. पाणी पाहावंसं वाटलं तर फुटाळा आहे, अंबाझरी आहे. पण मनीषनगर किंवा त्रिमूर्तीनगराकडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये असा एक गृहस्थ राहत असतो, ज्याने समुद्रच घरी आणलेला असतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी. तिच्यात मावणार सुमारे ६८० लिटर पाणी. त्यातून दगडांची जागा वजा करून, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने, वीस-बावीस किलो मीठ. तेही स्वयंपाकघरातलं चालत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमसकट सगळा समुद्र ज्यात दळून घातलाय असं खास मीठ लागतं. काच, दगड आणि पाणी धरून खालच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर जवळपास टनभर ओझं. इथपर्यंत हा नुसता छंद झाला, आणि याहून महाग छंद या शहरात पुष्कळ आहेत. या गृहस्थाचा वेगळेपणा पुढे आहे. त्याला गरीब स्वभावाचे मासे नको असतात. त्याला दात विचकणारा ट्रिगर हवा असतो, शेपटीजवळ वस्तरा बाळगणारा सर्जनफिश हवा असतो, आणि एवढं झाल्यावर ही सगळी मंडळी एकाच काचेत गुण्यागोविंदाने नांदायलाही हवी असतात. पाहुणे त्याच्याकडे पाहून समजतात की हा माणूस आतून दादा आहे, कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या म्हणून माशांकडे वळलेला. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. भांडणाला इतका घाबरणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा सापडणार नाही.

हा तंटामुक्त गाव समितीचा अध्यक्ष आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटलांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधाचं भांडण कोर्टात जाण्याआधी गावातच मिटवायला गावोगावी समित्या बसल्या. मोहीम गावांसाठी होती. शहराच्या वाट्याची उणीव आपल्या गृहस्थाने खासगीरीत्या भरून काढली. संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढण्याआधी तो टाकीतली हजेरी घेतो. कुणाची शेपटी फाटली, कोण कालपासून दगडाआडून बाहेर आलेलं नाही, कुणी खाणं सोडलंय, याची नोंद त्याच्याकडे असते. मुलगा कितवीत आहे हे सांगायला मात्र क्षणभर लागतो. पदाला शोभेल अशी भाषाही त्याने कमावलेली असते. ‘मारलं’ हा शब्द तो वापरत नाही. पाहुण्याने ट्रिगरकडे बोट दाखवून “हा मारते काय जी बाकीच्यांले?” असं विचारलं, की उत्तर येतं, “मारत नाई जी, समजावते.” पंख कुरतडले तर ती मस्करी असते, कोपऱ्यात दाबून धरलं तर ओळखपाळख असते, आणि एखादा मासा सकाळी मुळीच दिसला नाही तर “उडी मारली असन त्यानं.” त्याच्याकडे शिक्षाही दोनच. किरकोळ गुन्ह्याला टाकीतच जाळीच्या डब्यात चार दिवस स्थानबद्धता. मोठ्या गुन्ह्याला खालच्या सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत, तडीपारी. दोन्ही शिक्षा देताना रडवेला झालेला असतो तो अध्यक्षच.

ज्याला झुंज बघायची असते तो मासे जमवतो आणि बाजूला बसतो. अध्यक्ष जमवतो ते दगड. त्याची सगळी अक्कल कपारी, बोगदे आणि आडोसे रचण्यात खर्च होते, कारण त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते: टाकीतलं भांडण स्वभावाचं कमी आणि जमिनीचं जास्त असतं. पुरावा हवा असेल तर डॅमसेल नावाच्या बोटभर माशाचा घ्या. त्याच्या काही जाती अक्षरशः शेती करतात. ओकिनावाजवळच्या खडकांवर अभ्यासकांनी पाहिलं की हा मासा आपल्या तुकड्यातलं नको ते शेवाळ निंदून बाहेर टाकतो, पचायला सोपं असं एकच शेवाळ राखतो, आणि चरायला आलेल्या कितीतरी मोठ्या माशालाही बांधावरून हाकलतो. हे शेत साधारण एखाद्या चौरस मीटरचं. आता आपल्या टाकीच्या तळाचं माप काढा. सहा गुणिले दोन, बारा चौरस फूट, म्हणजे १.१ चौरस मीटर. अख्खी टाकी एका डॅमसेलच्या सातबाऱ्यावर चढते, आणि तिच्यात आपण वर आठ कुळं घालतो. टायटन ट्रिगरचा हिशेब तर जमिनीवर थांबतच नाही. घरट्यावर उलट्या शंकूसारखी फाकत वर जाणारी पाण्याची जागाही तो स्वतःची समजतो, म्हणून पाणबुड्यांना शिकवतात की तो अंगावर आला तर वर पळू नका, आडवे सटका. एफएसआयची इतकी स्वच्छ कल्पना धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यांच्या वारसांनाही नसते. १९६३ साली कोनराड लोरेन्झने आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं आणि सुरुवात केली ती प्रवाळातल्या माशांपासून. भडक रंगाचे हे मासे परक्यांपेक्षा आपल्याच जातीच्या माशावर जास्त तुटून पडतात, कारण त्याला हवं असतं ते खाणं आणि ती कपार यालाही हवी असते, असं त्याचं निरीक्षण. भाऊबंदकी हा शब्द त्याला ठाऊक नव्हता, नाहीतर पुस्तक बरंच आटोपशीर झालं असतं. त्याच १९६३ साली आपल्याकडे मुदतीचा कायदा आला. खासगी जमिनीवर कुणी बारा वर्षं उघडपणे, मालकाला न जुमानता कब्जा ठेवला की मूळ मालकाचा दावा बुडतो. डॅमसेलला बारा तास पुरतात. आणि त्याला तो कब्जा मिळवून देतात आपले अध्यक्षच. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू जमायला चार-सहा आठवडे जातात. तेवढ्या काळात नाजूक, महागडा मासा कशाला धोक्यात घाला, म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने स्वस्त आणि चिवट डॅमसेल आधी सोडला जातो. दीड महिन्याने सर्जनफिश वाजतगाजत येतो, तेव्हा दाराशी मालक उभा असतो, दोन इंचांचा.

यावर कुणी म्हणेल, स्वभाव म्हणून काही असतो की नाही? असतो. नारिंगी रेघांचा अंड्युलेटेड ट्रिगर घ्या. मुरलेले लोकही त्याला एकट्यालाच ठेवतात आणि मुरलेला अध्यक्ष त्याच्या वाटेला जात नाही. पण एका गावगुंडावरून साऱ्या गावाला दोष देता येत नाही. शिवाय पाहुणे ज्याला भांडण म्हणतात ते पुष्कळदा भांडण नसतंच. लायनफिश काट्यांनी विषारी, पण स्वभावाने अगदी निवांत. तो कुणाला हटकत नाही, कुणाचा पाठलाग करत नाही, फक्त तोंडात मावेल ते गिळतो. ते जेवण झालं, आणि जेवणाची तक्रार समितीपुढे चालत नाही. उलट बाजूचा दाखला क्लाउनफिशचा, म्हणजे २००३ च्या सिनेमानंतर लहान मुलं ज्याला निमो म्हणतात त्याचा. हा काही संत नव्हे, मरून जातीची मादी तर पाण्यात घातलेल्या मालकाच्या हातालाही चावते. तरी त्यांच्या कुटुंबात धुसफूस बेताची, कारण उतरंड ठरलेली. सगळ्यात मोठी ती मादी आणि तीच कारभारीण, तिच्या खालोखाल तिचा नर, बाकीचे उमेदवार. धाकट्याने थोरल्यासमोर अंग थरथरवायचं, की विषय संपला. कारभारीण मेली तर नराचीच मादी होते आणि पहिला उमेदवार नराच्या जागी चढतो. हक्क कुणाचा हे ज्या घरात माहीत असतं, तिथे स्वभाव तिखट असूनही भांडी आपटत नाहीत.

मे महिन्याबद्दल थोडक्यात. बाहेर ४५ अंश, टाकीला हवेत २५-२६. माणसांना वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणि माशांना चिलर, अशी वाटणी घरात बिनतक्रार मान्य झालेली असते. चिलर परवडत नाही तो पाण्यावर पंखा सोडतो, आणि नागपूरच्या कोरड्या हवेत तो उपायही चांगला लागू पडतो. फक्त पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून वरून रोज बिनमिठाचं आरओचं पाणी घालावं लागतं. भर दुपारी वीज गेली की टाकीतले सगळे हाडवैरी श्वासासाठी वरच्या थरात एका ओळीत येतात. संपूर्ण तंटामुक्ती साधते ती तेवढीच, आणि नेमकी तेव्हा अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. भांडण जागेचं आहे हे एवढं कळतं, तर मग या जिवांना सहा फुटांत कोंडावंच का? समुद्रात हरलेला मासा पळून जातो. टाकीत पळालेला मासा तीन सेकंदांत जिंकणाऱ्याच्या दारात परत येतो. हा आक्षेप मला मान्य आहे. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, तेव्हा जिवंत प्रवाळाचा मोह कायद्यानेच आवरलेला आहे. माशांच्या बाबतीत ज्याला हौसच आहे त्याने पिंजऱ्यात जन्मलेले क्लाउनफिश पाळावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करण्याचं तंत्र केव्हाच बसवलेलं आहे. ट्रिगर समुद्रातच राहू द्यावा. गंमत अशी की हे सगळं अध्यक्षांनाही शंभर टक्के पटतं. ते मान हलवून हलवून पाठिंबा देतात, मग हात धरून तुम्हाला टाकीपाशी नेतात आणि आपला ट्रिगर दाखवतात. या विसंगतीला त्यांच्याकडे एकच उत्तर असतं, आणि ते फुटांत असतं: पुढची टाकी आठ फुटी.

तोवर सहा फुटांतच भागवायचं असतं, आणि अध्यक्षांचं खरं कर्तृत्व दिसतं ते नवा रहिवासी आणण्याच्या रात्री. आधी जुन्यांना पोटभर जेवू घालायचं. मग दिवे मालवायचे. मग बाह्या वर करून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालायचा आणि सगळे दगड हलवायचे. कालचा बोगदा आज भिंत, कालची कपार आज पटांगण. एका रात्रीत सगळ्यांचे सातबारे रद्द होतात, प्रत्येक जण भूमिहीन होतो, आणि आपलं घर शोधण्याच्या धांदलीत नव्याला मारायला कुणाला फुरसत राहत नाही. इतकी निर्विघ्न जमीन सुधारणा विनोबांनाही साधली नसती. तरीही ट्रिगर ऐकला नाही, तर शेवटचा उपाय आरशाचा. टाकीच्या एका बाजूला बाहेरून आरसा चिकटवायचा. ट्रिगरला त्यात स्वतःच्याच मापाचा, स्वतःच्याच तोंडाचा प्रतिवादी दिसतो आणि तो दिवसभर त्याच्याशी तंडत बसतो. तेवढ्यात नवा मासा पलीकडच्या कोपऱ्यात बस्तान बसवतो. हे काम तीन-चार दिवस चालतं. घरात त्या मापाचा आरसा एकच असतो, बेसिनवरचा, आणि म्हणून ऑफिसातले लोक अध्यक्षांची वाढलेली दाढी पाहून दबल्या आवाजात विचारतात, “काऊन जी, घरी काही झालं काय?”