मोटर जळाली की जळाला?

कुपवाडच्या एमआयडीसीलगत आमचं मोटर भरायचं दुकान आहे. तिथं एकच मोटर तीन वेळा जळते. गिऱ्हाईक काउंटरवर हात टेकून सांगतं, "मोटर जळाली." मिस्त्रीचाचा ती टेम्पोतून उतरवून घेताना आत ओरडतात, "शेठ, मोटर जल गया." आणि कागवाडहून रोज येणारा मल्लाप्पा झाकण खोलून, करपलेल्या वार्निशाचा वास घेऊन निकाल देतो, "सुट्ट होतु." पहिल्याची मोटर बाई, दुसऱ्याची बाप्या, तिसऱ्याची नुसती वस्तू. बिल तिघांचं मिळून एकच.

हे लहानपणापासून कानावर पडत होतं. पण कानावर पडणं वेगळं आणि सिलॅबसात येणं वेगळं. सिलॅबसात यायला बारावीनंतर अकरा वर्षं लागली. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची चार, एम-थ्रीच्या केटीचं एक, नोकरीची चार आणि एम. ए. भाषाशास्त्राची दोन. मधल्या नोकरीच्या वर्षांत संध्याकाळचं जर्मन.

आधी इलेक्ट्रिकल. मशीन लॅबमध्ये थ्री फेज इंडक्शन मोटरची नो-लोड टेस्ट असते. दोन वॉटमीटर जोडायचे, मोटर मोकळी फिरवायची, आणि त्यातल्या एकाचा काटा शून्याच्या मागे जाऊन आपटतो ते बघायचं. मोकळ्या मोटरचा पॉवर फॅक्टर अर्ध्याहून कमी असतो, म्हणून एक मीटर उलटा जातो. मग सप्लाय बंद करून त्याच्या वायरी अदलाबदल करायच्या, पुन्हा चालू करायचं आणि आलेलं रीडिंग वजा धरायचं. आमच्या बॅचवर ही वेळ कधी आली नाही. आमच्याकडे गेल्या वर्षीच्या पोराचं जर्नल होतं.

त्या जर्नलात लाइन व्होल्टेज ४५१ होतं. हवं ४१५. कधीतरी कुणाचा तरी हात घसरला असणार. आम्ही वीस जणांनी ते ४५१ तांब्याच्या पत्र्यावरचं दानपत्र असावं तसं उतरवून घेतलं. ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी चष्मा वर केला. "फोर फिफ्टी वन?"

"सर, त्या दिवशी व्होल्टेज हाय होतं."

"आणि ह्याच्या दिवशी?"

"त्या दिवशी पण होतं, सर."

त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. स्लिप म्हणजे काय? मला ते मराठीत छान येत होतं. चार पोलच्या मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि रोटर त्याच्यामागं १४४० वर पळत राहतो. त्यानं कधी गाठलंच, तर त्याच्यातली ताकदच जाईल. मागं राहण्यावरच त्याचं सगळं चाललेलं असतं. पण ओरल इंग्रजीत. मी म्हटलं, "सर, रोटर इज ऑलवेज लेट." सर म्हणाले, "लाइक यू," आणि पास केलं.

नोकरी पुण्यात लागली. जर्मन शिकलास तर इन्क्रिमेंट मिळेल, असं साहेबांनी सांगितलं. (मिळालं नाही. तो विषय वेगळा.) जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत हे कळल्यावर वर्गातली हिंदी आणि बंगाली मंडळी खचली. गुजराती निवांत, त्यांच्याकडेही तीनच. आणि आम्ही मराठी पोरं तर चेकाळलोच. लेकाहो, आम्ही तीन लिंगांत जन्मलो, तिथंच वाढलो! हा माज पहिल्या चाचणीपर्यंत टिकला. करंट त्यांच्याकडेही 'तो' निघाला, हे बरं झालं. पण केबल 'ते'. व्होल्टेज 'ती', आणि तिचं नाव श्पानुंग, ज्याचा अर्थ ताण असाही होतो आणि रहस्यपटातली उत्कंठा असाही. आमच्याकडच्या रात्रीच्या लाइटीला ते नाव शोभलं असतं. आणि मोटर चक्क पुल्लिंगी: डेर मोटोर. मी निबंधात जिथं जिथं मोटरला ती म्हटलं होतं, तिथं तिथं बाईंनी लाल शाईनं तिला तो केलं.

शनिवारी घरी आल्यावर बाबांना सांगितलं, "जर्मनीत मोटर तो असतो."

"जळतो का?"

"जळत असेल की."

"मग काय हरकत नाही."

पण मला चैन पडेना. आपल्या विहिरीवर एकाच शाफ्टला तो पंप आणि ती मोटर असते, आणि दोघांच्या मध्ये ते कपलिंग. कुणी ठरवलं हे? इंग्रजांनी तर तिन्ही वस्तू लिंग न लावताच बोटीतून उतरवल्या. गाडी 'ती' म्हणून मोटर 'ती', हे रस्त्यावरच्या मोटरपुरतं पटतं. विहिरीवरची मोटर कुठं जाते? जागची हलत नाही. या एका प्रश्नापायी मी नोकरी सोडून भाषाशास्त्राला नाव घातलं, असं सांगायला छान वाटतं. साहेबांचं आणि माझं पटत नव्हतं, हेही एक कारण होतंच.

शेजारच्या काकांनी विचारलं, "मग आता किती भाषा येणार?" म्हटलं, "आहेत त्याच. पण यापुढं बोलताना शंका येणार." बाबा मात्र गप्प. मशीनवर कॉइलचे वेढे मोजताना ते गप्पच असतात, आकडा चुकतो म्हणून. पण ही गप्पी वेगळी होती. मी त्यांना क्लॉड शॅननचा दाखला दिला. हा इलेक्ट्रिकलचाच पोरगा. १९३७ साली एमआयटीत रिले आणि स्विचच्या जोडण्यांवर प्रबंध लिहिला. १९४८ साली संदेशातली माहिती मोजायचं गणित मांडलं आणि १९५१ साली ते छापील इंग्रजीला लावून पाहिलं. माणसाला मजकुरातलं पुढचं अक्षर ओळखायला सांगायचं. जितकं हमखास ओळखता येईल, तितकी त्या अक्षरात नवी बातमी कमी. शिवाय चॉम्स्की १९५५ साली एमआयटीत आले ते इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत. म्हणजे बाबा, हे सगळं आपल्याच लायनीतलं आहे.

"म्हंजे पुढचं ओळखायचं?" बाबांनी विचारलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं.

"मालक, परवा तर मोटर भरून नेली आणि..."

"...काल जळाली," बाबा मान वर न करता म्हणाले.

"व्हय. रात्रीची लाइट, त्यात..."

"...एक फेज गेलता. दोनवरच चालवलीस."

"कळलंच न्हाई बघा. आता पैसं जरा..."

"...ऊस गेल्यावर."

शॅननला एवढे अचूक भाषक मिळाले असतील असं वाटत नाही. त्या संभाषणात नवी माहिती शून्य होती आणि उधारी साडेतीन हजार.

विभागात माझी किंमत पहिल्याच आठवड्यात ठरली. "तुम्ही इलेक्ट्रिकलचे ना?" असं म्हणून मला शिडीवर चढवलं गेलं. दोन वर्षांत मी पाणिनी जेवढा वाचला, त्याहून जास्त स्टार्टर बदलले. पण ध्वनिशास्त्राच्या तासाला या शिडीचा उपयोग झाला. आम्ही मराठीतला ज रेकॉर्ड करत होतो. 'हे जग सुंदर आहे' मधला आणि 'दोन दिवस तरी सुखानं जग' मधला. लिहायला अक्षर एक, तोंडात दोन. संगणकावर आवाजाच्या पट्टीचा आलेख आला आणि वर्गात शांतता पसरली. भाषक दोन शब्दांच्या मध्ये गप्प होता, तरी आलेखात त्याचा आवाज १०० हर्ट्झवर सरळ रेषेत चालूच होता. एकानं श्वासाची शक्यता मांडली, दुसऱ्यानं कोकणी आईची. मी वर बघितलं. ट्यूबचा चोक गुणगुणत होता. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चोकचं लोखंड सेकंदाला शंभरदा थरथरतं, आणि भरदार पुरुषी आवाजही साधारण त्याच पट्टीत बसतो. मी उठून बटण दाबलं. भाषक गप्प झाला. भाषाशास्त्रात माझी म्हणून जी काही भर आहे, ती एवढीच.

एक ऐच्छिक पेपर पाठचिकित्सेचा होता. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली संपलं. सुकथनकरांसारख्यांनी देशभरातल्या पोथ्या ओळीनं लावून, कुठली कुठल्या घराण्यातली हे ठरवलं. ते कसं ठरवतात, तर चुकांवरून. बरोबर पाठ दोन पोथ्यांत वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकतो. पण तीच विचित्र चूक दोघींत असेल, तर दोघींची आई एक. सर हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ४५१ नाचत होतं. आमचं जर्नल! वीस पोथ्या, एक आदिमाता. मला आठवलं, आमच्यातल्या एका हुशार मुलानं परस्पर ४१५ केलं होतं आणि त्यालाच सरांनी सगळ्यात जास्त छळलं, कारण त्याची पुढची गणितं ४५१चीच होती. लेखनिकानं सुचेल तशी सुधारणा करू नये, हे सुकथनकरांना जसं कळत होतं, तसं आम्हा उरलेल्या एकोणीस जणांनाही कळत होतं म्हणायचं.

नोट्सना हसू नये, हे मी तेव्हाच शिकलो होतो. आधुनिक भाषाशास्त्र ज्यावर उभं आहे ते सोस्यूरचं पुस्तक १९१६ साली निघालं, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, आणि ते रचलं गेलं जिनिव्हातल्या त्याच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून. आमचा वर्ग मात्र झेरॉक्सच्या झेरॉक्सवर चालायचा. दुसऱ्या वर्षी भाषासंपर्काच्या पेपरात गंपर्झ आणि विल्सन यांचा १९७१चा एक गाजलेला लेख होता. आमच्या प्रतीत त्याची पहिली दोन पानं नव्हती. मॅडम मूळच्या कोलकात्याच्या. त्यांनी तन्मयतेनं 'कुपवार' नावाच्या गावाबद्दल सांगायला सुरुवात केली. तिथं मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू शेजारीशेजारी नांदतात. आणि इतकी वर्षं नांदल्यात की शब्द ज्याचे त्याच्याकडे राहिले, पण वाक्यांचे सांगाडे एकसारखे होत गेले. एका भाषेतला शब्द उचलून तिथं दुसऱ्या भाषेतला ठेवला की झालं भाषांतर. उर्दूतल्या निर्जीव वस्तूंची लिंगंही कन्नडच्या वळणानं गेली.

हे कुपवार कुठं आलं, याच्यावर वर्गात दोन तट होते. बहुमत काश्मीरच्या बाजूनं होतं. तिथलं कुपवाडा. कन्नड तिथं कशी पोचली, असा प्रश्न कुणाला पडला नाही. सैन्यात असतील, असं एक जण म्हणाला. मीही दोन तास मान डोलावत होतो. तिसऱ्या तासाला मॅडमनी उदाहरणाचं वाक्य फळ्यावर लिहिलं, पाला जरा कापून घेऊन आलो, आणि खाली त्याची उर्दू. ती वाचताना माझ्या कानात मिस्त्रीचाचांचा आवाज आला. रोमन लिपीतल्या त्या 'आर'कडे मी नव्यानं बघितलं. र नव्हता तो, ड होता.

"मॅडम, हे कुपवाड आहे."

"कुठलं?"

"सांगलीचं. १९९८ पासून आमच्या महापालिकेतच आहे. तिथं आमचं दुकान आहे मोटरचं."

मॅडमनी खडू खाली ठेवला. रस्त्यात जिवंत डायनासोर दिसल्यासारखं त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून विद्यार्थी म्हणून माझी कारकीर्द संपली आणि मी सामग्री झालो. मधल्या सुट्टीत चहाला बोलावून मित्र माझी वाक्यं टिपून घ्यायला लागले. "चहा पिऊया की" म्हटलं तर 'की'खाली रेघ.

टर्म पेपर अर्थातच दुकानावर: 'मोटरदुरुस्तीच्या व्यवसायातील आगंतुक शब्दांचे लिंग'. माझा सिद्धांत तयार होता. विहिरीवर आधी मोट होती. ती. मोट गेली, त्याच जागी तेच पाणी उपसायला मोटर आली. नाव अर्धं तसंच, मग लिंगही तेच लागलं. मॅडमनी समासात लिहिलं, 'सुंदर. पुरावा?' पुराव्यासाठी मी टेपरेकॉर्डर घेऊन दुकानात बसलो. आधी ट्यूब बंद केली. बाबा ओरडले, "अरे, अंधारात वेढे काय मोजू?" पुन्हा चालू केली.

मिस्त्रीचाचांना मी साळसूदपणे विचारलं, "चाचा, मोटर जल गया बोलते, के जल गई?"

त्यांनी हातातला लाकडी हातोडा थांबवला. "जल गया तो जल गया. अब गया-गई करने से चलेगी क्या?"

जल गया, चलेगी. एका वाक्यात मोटरनं लिंग बदललं होतं. माझी अकरा पानं गेली. मी पुन्हा विचारलं तर त्यांनी टेपकडे बघून, घसा साफ करून, आकाशवाणीवरच्या उर्दूत काहीतरी सांगितलं. ते लेखात घेता येण्यासारखं नव्हतं. मल्लाप्पानं तर टेप बघितल्यावर मराठीच बोलायला सुरुवात केली, तीही पुण्याची.

पेपर टाइप होऊन आला तेव्हा दुकानात वाचून दाखवणं भाग पडलं. बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "माझं नाव कुठं आहे?" सांगितलं, नावं घालायची नसतात, क्रमांक देतात. तुम्ही भाषक क्रमांक एक. बाबा म्हणाले, "बरोबर आहे." आणि पुन्हा वेढे मोजायला लागले.

मिस्त्रीचाचा मात्र हातोडा खाली ठेवून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "और मैं?"

"क्रमांक दोन."

"पैंतीस साल हो गये इस दुकान में," चाचा बाबांकडे वळून म्हणाले, "और तुम्हारा लडका लिखता है मैं दो नंबर का?"

बाबांनी मोजणं थांबवलं. आकडा चुकला होता. मी पेन काढून दोनाचा १-अ केला. मल्लाप्पा कोपऱ्यातून बघत होता. न विचारताच त्याचा १-ब केला. पेपर परत आला तेव्हा मॅडमनी त्या क्रमांकांभोवती गोल काढून विचारलं होतं, ही क्रमवारी कोणत्या निकषावर? मी शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'ज्येष्ठता', आणि चहा आणायला गेलो.