पट्टीचे खेळाडू

पट्टीवाले पाहायचे असतील तर शनिवारी संध्याकाळी इंग्लंड-अमेरिकेतल्या एखाद्या गेमच्या दुकानात मागच्या खोलीत डोकवावं. टेबलावर काळं कापड, कापडावर छापलेल्या चांदण्या, चांदण्यांवर बोटभर लांबीची यानं आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून बसलेले हे गृहस्थ. केस पिकायला लागलेले असतात, नोकरी बरी असते, घरची माणसं सोशिक असतात. तोंडात मात्र एकच वाक्य : "हात काढ. मोजू दे."

'एक्स-विंग' हा २०१२ साली आलेला 'स्टार वॉर्स'वरचा खेळ म्हणजे पट्टीवाल्यांचं कुरुक्षेत्र. तीन फूट बाय तीन फुटांचं अवकाश आणि तीस सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी. पट्टीचे तीन सारखे भाग. शत्रू पहिल्या भागात सापडला तर मुख्य तोफेला एक फासा जास्त. तिसऱ्या भागात असला तर बचाव करणाऱ्याला एक फासा जास्त. पट्टीच्या पलीकडे असला तर त्याला रामराम करायचा. मोजायचं ते यानाच्या नाकापासून नव्हे, तळाच्या चौकोनाच्या सगळ्यांत जवळच्या टोकापासून. हे सगळ्यांत जवळचं टोक शोधण्यात पट्टीवाल्यांची उमेदीची वर्षं गेलेली असतात.

"लागतंय की!"

"नाही लागत. पुठ्ठा वाकलाय."

"पुठ्ठा सरळ आहे. टेबल वाकलंय."

मग पट्टीवाले पिशवीतून ॲक्रिलिकची स्वतःची पट्टी काढतात. पुठ्ठ्यावर त्यांचा भरवसा नसतो. तो दमट हवेत फुगतो, असं त्यांचं ठाम मत आहे.

चाल ठरवण्याआधी मात्र या खेळात पट्टी लावू देत नाहीत. चकतीवर गुपचूप चाल निवडायची आणि अंतर नुसत्या नजरेनं जोखायचं. अशा वेळी पट्टीवाले टेबलावर कोपर टेकवून विचारात गढल्यासारखे बसतात. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टीचे किती भाग भरतात, हे त्यांना पाठ असतं. समोरचा "कोपर उचला" म्हणाला की ते दुखावल्यासारखा चेहरा करतात आणि पंजा पसरतात. वीतही मोजलेली असतेच.

एखादा कॉलेजात जाणारा पोरगा मध्येच हिशेब मांडतो. "ही यानं मूळ आकाराच्या २७०व्या हिश्शाची आहेत. म्हणजे तुमचा तीस सेंटिमीटरचा पल्ला झाला ८१ मीटर. क्रिकेटमधला बरा षटकार याहून लांब जातो. आणि मुळात अवकाशात पल्ला कसला? हवा नाही, घर्षण नाही. सुटलेला गोळा कशावर तरी आदळेपर्यंत जातच राहणार."

पट्टीवाले शांतपणे ऐकून घेतात, कारण हे त्यांना त्याच्या जन्माआधीपासून माहीत असतं. "लेझरचं विचार की," ते म्हणतात. "एक मीटरचा आरसा, एक मायक्रॉनचा प्रकाश. हजार किलोमीटरवर ठिपका फक्त दोन-अडीच मीटरचा. म्हणजे तू मला दुसऱ्या खंडातून भाजू शकतोस. तसंच खेळायचं? पहिल्या फेरीत तू मला मारलंस, मी तुला मारलं. सव्वासहाला खेळ संपला. घरी जाऊन करणार काय?"

पोरगा गप्प होतो. मग पट्टीवाले त्याला जुने ग्रंथ उलगडून दाखवतात. 'फुल थ्रस्ट' या इंग्लिश खेळात तिसऱ्या दर्जाच्या किरणतोफेला बारा एककांपर्यंत तीन फासे, चोवीसपर्यंत दोन, छत्तीसपर्यंत एक. एकक म्हणजे इंच धरा नाहीतर सेंटिमीटर. पट्टीवाल्यांकडे दोन्ही टेप असतात. १९७९च्या 'स्टार फ्लीट बॅटल्स'मध्ये सगळं अवकाश षट्कोनी घरांचं. दोन घरांवरून सोडलेला फोटॉन टॉर्पेडो एक ते पाच पडले तरी लागतो. तेरा ते तीस घरांवरून फक्त एक पडला तरच. हा खेळ पट्टीवाल्यांना फारसा मानवत नाही. घरं मोजायला पट्टी लागत नाही ना! मग ते समोरच्याच्या बोटावर लक्ष ठेवतात : "स्वतःचं घर धरलंस. पुन्हा मोज."

तत्त्व सगळीकडे तेच : जवळ जावं तर मार जोरात बसतो, पण समोरच्याचाही आपल्याला बसतो. लांब राहावं तर जीव वाचतो, पण लढाई होत नाही. किती जवळ जायचं, हाच सगळा खेळ. तोफांना पल्ला नेमून दिला नसता, तर कुणाला यान हलवायचं कारणच उरलं नसतं. पल्ला विज्ञानानं दिलेला नाही, टेबलाच्या आकारानं दिलाय. आणि म्हणूनच तो कुणीतरी काटेकोरपणे सांभाळावा लागतो.

ते काम पट्टीवाले करतात. लोक कंटाळतात, जांभया देतात, पिझ्झा मागवतात. पण शेवटच्या फेरीत, जिंकायला एकच नेम हवा असताना, हे गृहस्थ वाकतात, एक डोळा मिटतात, बराच वेळ मोजतात आणि स्वतःच म्हणतात, "नाही लागत. केसभर कमी पडतंय." समोरच्याला ते अंतर दिसलेलंही नसतं. पट्टीवाले फासे खाली ठेवतात आणि डाव हरतात.

तेव्हा कधी असा खेळ मांडलात, तर चिडचिड बाजूला ठेवून मोजायचं काम खुशाल त्यांच्यावर सोपवा. जो माणूस स्वतःविरुद्धही तीच पट्टी लावतो, त्याच्याशी वाद घालून वेळ घालवण्यात काही अर्थ नाही.