आमच्या पैशावर चालणाऱ्या कारखान्यास खुले पत्र

प्रति,
खरेदी व लेखा विभागप्रमुख,
चाकण औद्योगिक पट्ट्यातला एक मोठा सुट्या भागांचा कारखाना

साहेब,

तुमच्या कंपनीचं नाव मी लिहिलेलं नाही. लिहिलं तर माझा वेंडर कोड बंद होईल आणि शेडमधली मशीन उभी राहतील, हे तुम्हालाही ठाऊक आहे. या एका भीतीवर तुमचा सगळा हिशेब चालतो, म्हणून पत्र त्या भीतीबद्दलच आहे.

माणच्या शिवारात आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आल्या, मेट्रोचा डेपो आला. उरल्यासुरल्या जागेत आमच्यासारख्यांची पत्र्याची शेड आहेत. तिथे आम्ही तुमच्यासाठी बुश करतो. इएन-८ चा बार कापायचा, सीएनसीवर टर्निंग, मग आतून होनिंग. आतल्या व्यासात दोन शतांश मिलिमीटरचा फरक निघाला की तुमचा इन्स्पेक्टर अख्खा लॉट परत पाठवतो, वर डेबिट नोट. गाडी उशिरा पोचून लाइन थांबली तर तो दंडही आमच्याच बिलातून. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, काम चोखच हवं. पण जो कारखाना शतांश मिलिमीटर मोजतो, त्याला आमच्या थकलेल्या बिलाचे महिने मोजता येत नाहीत?

बिल पास का झालं नाही, असं विचारलं की उत्तरं ठरलेली: माल मिळाल्याची नोंद (जीआरएन) झाली नाही, क्वालिटीची सही राहिली, सिस्टिम बंद आहे, साहेब टूरवर आहेत. माल मात्र तोवर असेंब्लीतून गाडीत बसून शोरूमला गेलेला असतो.

आता माझ्या बाजूने बघा. बार आणला तो रोखीने, कारण भोसरीचा स्टीलवाला आमच्यासारख्यांना उधार देत नाही. महावितरणचं बिल थांबत नाही. ऑपरेटर लातूर-नांदेडकडची पोरं, त्यांचा पगार सात तारखेला झालाच पाहिजे, खोलीभाडं त्यातूनच जातं. शेडमालक इथलाच शेतकरी. त्याची बरीच जमीन एमआयडीसीत गेली, आता घर भाड्यावर चालतं. आणि सगळ्यांच्या आधी जीएसटी. तुमच्यावर फाडलेल्या बिलाचा १८ टक्के कर मी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारजमा करतो. तुम्ही त्याचं इनपुट क्रेडिट घेऊन मोकळे होता, आणि बिल न भरताही ते तुम्हाला १८० दिवस ठेवता येतं. म्हणजे मालाचे पैसे माझे, कराचे पैसेही माझे, आणि वापरता तुम्ही.

बँकेकडे जावं तर तिथला नियम आणखी कडक. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावरून किती उचल घेता येईल ती ड्रॉइंग पॉवर ठरते. ९० दिवसांवरचं येणं माझी बँक त्यात धरतच नाही. तुम्ही जितकं लांबवता तितकी माझी कॅश क्रेडिटची उचल आटते. पैशाची सर्वांत जास्त गरज असते नेमकं तेव्हाच बँक हात आखडता घेते. तुमची पत मोठी, तुम्हाला स्वस्तात कर्ज मिळतं. तरी तुम्ही ते बँकेकडून न घेता माझ्याकडून घेता, कारण मी व्याज मागत नाही.

हे पुणे जिल्ह्याला नवीन नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यामागे एकटा सावकार नव्हता. सरकारचा शेतसारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरायचा होता, पीक विकलं गेलं असो वा नसो. तारीख सरकारची, अडचण कुणब्याची, फायदा सावकाराचा. आज ती तारीख २० आहे. सुप्याच्या कुणब्याने निदान कर्ज स्वतः मागितलं होतं. आम्ही न मागता, न विचारता सावकार झालो आणि गहाणही आम्हीच पडलो.

कायदा नाही असं नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा निवाडा तुमच्या विरोधात गेला तर कोर्टात जाण्याआधी तुम्हाला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कलमं भक्कम आहेत. पण तक्रार करायची कोणी? ज्याचा हात दगडाखाली आहे त्याने. पुढचं शेड्यूल तुमच्या हातात असताना कौन्सिलकडे जाणारा वेंडर मी तरी आसपास पाहिलेला नाही. जातो तो धंदा बंद केलेला.

सरकारलाही हे कळतं. पण मोठ्यांना दुखवायचं नाही आणि तिजोरीतूनही फार काढायचं नाही, असे दोन्हीकडून हात बांधलेले असले की धोरण आमच्यासारख्यांना आणखी कर्ज देण्यापाशी येऊन थांबतं. २०२० च्या मे महिन्यात, कोविडमध्ये, हमीची कर्जयोजना आली: आधीच्या बाकी कर्जाच्या २० टक्के नवं कर्ज, सरकारची पूर्ण हमी. शेडचे दिवे त्यामुळे चालू राहिले, हे मी मान्य करतो. पण माझं येणं तुमच्याकडे पडून होतं. ते वसूल करून दिलं असतं तर मला नवं कर्ज कशाला लागलं असतं? व्याज मी भरलं, तुमच्या उशिराचं.

बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेचंही तेच. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली. तुम्ही नोंदणी केलीत. पण माझं बिल तिथे मान्य करायची सक्ती नाही, म्हणून तुम्ही ते करत नाही.

एकच तरतूद तुम्हाला खरी टोचली: आयकराचं ४३ बी (एच). सूक्ष्म-लघु उद्योगांना मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ते ३१ मार्चलाही बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये संपलेल्या वर्षाला ती पहिल्यांदा लागू झाली आणि त्या महिन्याच्या शेवटी तुमची सिस्टिम चालू झाली, टूरवरचे साहेब परत आले, क्वालिटीच्या सह्या झाल्या. पैसे होते. पण या कलमाचा धाक ३१ मार्चपुरताच आहे. एप्रिलचं बिल मार्चमध्ये भरलं तरी तुमची वजावट शाबूत राहते, म्हणून एप्रिल उजाडताच पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आणि गेल्या वर्षी तुमच्या माणसाने माझ्यासमोर कागद ठेवला, 'आमची उद्यम नोंदणी नाही' असं लिहून द्या म्हणून, म्हणजे हे कलमच लागू होणार नाही. माझं प्रमाणपत्र तुमच्याच फाइलला लागलेलं असताना! मी सही केली नाही. पुढच्या महिन्यात शेड्यूल निम्मं आलं.

मला सवलत नको, दरवाढही आज मागत नाही. मुदत गेटवर माल उतरला त्या दिवसापासून धरा. ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर ट्रेड्सवर बिल मान्य करा, बँका पुढचं बघून घेतील. मागच्या उशिराचं व्याज तुम्ही स्वतः लावून द्या, मला मागायला लावू नका.

पुढचा लॉट शुक्रवारी निघेल. चलनावर तारीख, वेळ आणि शिक्का घेतल्याशिवाय गेटवरून हलायचं नाही, असं ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे. १५ दिवसांत तुमची लेखी हरकत आली नाही तर कायद्याप्रमाणे माल उतरला त्याच दिवशी स्वीकारला असं धरून मी मुदत मोजणार आहे. माणमधल्या आणखी काही शेडवाल्यांनी तसंच शिक्के घ्यायचं ठरवलं आहे. त्यांची चलनं आणि माझी, एकाच फाइलला लागतील.

आपला,
माणचा एक वेंडर