माणूस मिळालं का?

घरातलं मोठं दुखणं इस्पितळातून घरी आलं की आधी नातेवाईक येतात, त्यांच्याबरोबर शहाळी येतात, आणि शहाळ्यांपेक्षा जास्त सल्ले येतात. मग सगळे पांगतात आणि एकच प्रश्न मागे उरतो: रात्री उठून बाथरूमला कोण नेणार? त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक फोनवर "तब्येत कशी आहे?" याच्याही आधी विचारलं जातं, "माणूस मिळालं का?" घरात आपण चार माणसं असतो, पण ती या हिशेबात धरत नाहीत.

आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आमच्या कोथरूडच्या घरात खालीवर होणारी लोखंडी खाट, हवेची गादी, वॉकर आणि कमोडची खुर्ची असं सगळं भाड्याने येऊन दाखल झालं. भाड्याने सहज मिळेना ते माणूस.

माणूस ब्यूरोतून मिळतं. ब्यूरो म्हणजे एखादा गाळा, दोन मोबाइल आणि पलीकडचा कधीही न दमणारा आवाज. "पेशंट मेल का फीमेल? चालतं का बेडवरच? डायपर का पॉट?" आणि मग निर्णायक प्रश्न, "वजन किती?" आईचं वजन ऐकून पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. आयुष्यभर "अंगाला काही लागतच नाही तुमच्या" असं ऐकून घेतलेल्या बाईचं किरकोळ अंग अखेर कामाला आलं. पुढे अटी: बारा तासांचा दर वेगळा, चोवीस तासांचा वेगळा, चहा-जेवण तुमच्याकडे, सुट्टीला बदली मिळेल (मिळेलच असं नाही), रजिस्ट्रेशनचे पैसे परत मिळणार नाहीत. आणि सगळ्या बायका "ट्रेंड सिस्टर".

सिस्टर म्हणजे खरं तर एएनएम किंवा जीएनएम झालेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवलेली. इंजेक्शन, नाकातली नळी, जखमेचं ड्रेसिंग हे तिचं काम. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं हे मावशींचं. बहुतेक घरांना गरज असते मावशींची, पण सांगताना सगळे सांगतात, "सिस्टर ठेवलीय." सोसायटीत बरं दिसतं.

"पण घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला?" हे विचारणारे बहुधा दुसऱ्या गावी राहतात. आईवडिलांचा सांभाळ करणं हे २००७ च्या कायद्याने मुलांचं कर्तव्यच ठरवलं आहे, पण पाठ कुणी चोळायची ते कायद्यात लिहिलेलं नाही. मी हात पुढे केला की आई म्हणायची, "राहू दे, मला जमतं." जमत नाही हे आम्हा दोघांनाही दिसायचं. ज्याला आपण अंघोळ घातली, त्याच्याकडून अंघोळ घालून घ्यायची, तीही मुलाकडून, हे तिला पटेना. सुनेकडून घालून घ्यायची तर तीस वर्षांची जमाखर्चाची वही मध्ये येते. बायकोने "सावकाश हं आई" म्हटलं तरी आईला त्यात १९९६ सालचं काहीतरी ऐकू यायचं. रक्ताच्या माणसांचं हेच होतं. आपण उशी सारखी करायला जातो आणि सगळा इतिहास हलतो.

परक्या माणसाला इतिहास नसतो. परगावच्या, कालपर्यंत नाव माहीत नसलेल्या बाईने म्हटलं, "आजी, हात वर करा बरं," की हात वर होतो.

रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, आणि पुढे तिथल्या बायका ससूनमध्ये परिचारिकेचं काम शिकायला जाऊ लागल्या. परक्याच्या अंगाला हात लावायचं काम चांगल्या घरातल्या बाईने करायचं, ही कल्पनाच तेव्हाच्या पुण्याला झेपणारी नव्हती. आता त्याच पुण्यातल्या चांगल्या घरांचं पान त्या परक्या हातावाचून हलत नाही. पुण्याला पटायला वेळ लागतो, पण पटतं.

आमच्याकडे आधी काही बाया येऊन गेल्या. एकीची झोप अशी गाढ, की रात्री आईच तिला हाका मारून उठवायची आणि सकाळी वर तिचीच बाजू घ्यायची, "दमते हो पोर." मग परभणीकडच्या मावशी आल्या. वयाने आईच्या निम्म्या, तरी पहिल्या मिनिटापासून आईच्या "अहो मावशी".

इथे आईची नोकरी सांगायला हवी. ती पोस्टात होती, बचत खात्याच्या काउंटरवर. सही जुळत नसेल तर सख्ख्या दिराला परत पाठवणारी. मावशींचं आधार कार्ड ब्यूरोने पाहिलं होतं, मी पाहिलं होतं. आईने ते भिंगाखाली धरून फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. नंतर विचारलं, "पगार कशात जमा होतो? पासबुक कुठंय? नॉमिनी कोण?" घरात काम मागायला आलेल्या बाईला नॉमिनी विचारणारी पेशंट ब्यूरोने पाहिली नसावी.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली होती: पाणी किती, लघवी किती, बीपी किती, कूस कधी बदलली. मावशी लिहीत, आई तपासत असे. "खाडाखोड केली तर शेजारी सही करायची." दुसऱ्या दिवशी वहीत '१०.३०' खोडून '१०.४५' केलेलं होतं आणि बाजूला मावशींची सही होती, गोल, मन लावून केलेली. "संडास झाली" याच्यापुढे आईने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "समाधानकारक."

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी नि टाचांवर दाब येऊन जखमा होतात. हवेची गादी मदत करते, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. आम्ही कूस बदला म्हटलं की आई म्हणायची, "आत्ताच तर बदलली." मावशी आल्या आणि पोस्टाची भाषा उचलून म्हणाल्या, "आजी, मुदत भरली तुमची. व्हा पलीकडं." आम्ही दारातच गार. घरच्या कुणी पेशंटसमोर हे शब्द काढले असते तर रडारड झाली असती, मामांना फोन गेला असता. आई खळखळून हसली आणि पलीकडे झाली. तेव्हापासून दर दोन तासांनी घरात मुदत भरते.

न्यू जर्सीतल्या भावाने काळजीपोटी कॅमेरा बसवायला लावला. त्याच्या मध्यरात्री तो आमची सकाळ बघायचा आणि कळवायचा की आईने पेज अर्धी टाकली. आई आयुष्यभर काउंटरच्या जाळीमागे बसलेली. कुणी बघतंय याचं तिला काही नाही. पण लोकांनी रांगेने यावं ही अपेक्षा आहेच. तिने त्याला बजावलं, "बघायचं असेल तर आधी फोन कर. असं मधेच डोकावायचं नाही." मावशींना मात्र तो कॅमेरा आवडला. जाता-येता त्या त्याला सांगत, "दादा, जेवल्या बरं का आजी. तुमी निजा आता." भाऊ खरंच निजू लागला.

दुपारी आईच्या गोष्टी चालतात. मनिऑर्डरी, नव्या नोटांची पुडकी, एका म्हाताऱ्याने पितळी डब्यातून आणलेली चिल्लर. आम्हाला त्या तोंडपाठ. "पुढे तो म्हातारा..." असं आईने म्हटलं की आम्ही "हो, माहितेय" म्हणून मोकळे. मावशी विचारतात, "मग? मोजली का चिल्लर?" आणि आई मोजते, सगळीच्या सगळी.

मावशींची मुलगी आठ वर्षांची, गावी आजीकडे. "मग सासूला कोण बघतं?" आईने विचारलं. "सासूच पोरीला बघती की," मावशी म्हणाल्या. म्हणजे तिकडे परभणीकडे एक सत्तरीची म्हातारी उभी आहे, म्हणून इकडे आमची आई आडवी राहू शकते. ब्यूरोच्या बिलात या बाईची नोंद नसते. आईने ती आपल्या पद्धतीने घेतली. मुलगी दहाच्या आत आहे म्हटल्यावर तिने सुकन्या समृद्धीची माहिती काढली: खातं वर्षाला २५० रुपयांपासून चालू ठेवता येतं, भरायचं पंधरा वर्षं, मुदत एकवीस वर्षांची. मावशी दिवाळीला गावी गेल्या त्या खातं उघडूनच आल्या. आईने पासबुक उघडून आधी शिक्का स्पष्ट उमटलाय का ते पाहिलं, मगच मुलीचं नाव वाचलं.

लोक अजून विचारतात, "आई मावशींचं ऐकते आणि तुमचं ऐकत नाही, याचं वाईट नाही वाटत?" थोडं वाटतं. पण आमच्या लेखी आई आता काळजी होती, औषधाची वेळ होती, पडेल की काय ही भीती होती. मावशींनी तिला काउंटर परत दिला. तो आम्हाला देता आला नसता, कारण आम्ही त्या काउंटरवर कधी रांगेत उभेच राहिलो नाही. आमची कामं ती घरी आल्यावर करायची.

तेव्हा ब्यूरोच्या फॉर्मात एक रकाना वाढवावा असं मला वाटतं. शुगर, बीपी, वजन, डायपर हे सगळं असू द्या, पण शेजारी 'पेशंट पूर्वी काय करत होते?' हेही विचारा. शिंपी असतील तर त्यांच्यापुढे उसवलेलं काही ठेवता येईल, कंडक्टर असतील तर सुटे पैसे मागता येतील. ब्यूरोवाल्यांना ही सूचना मी केली. त्यांना ती फार आवडली. म्हणाले, करू की, पण मग रजिस्ट्रेशन थोडं वाढेल.