न्यूट्रलमधले अण्णा

जुनी गाडी घेणाऱ्याला दोन गोष्टी फुकट मिळतात: आधीच्या मालकानं काचेवर चिकटवलेला देव आणि अण्णांचा सल्ला. देव खरवडून निघतो, अण्णा निघत नाहीत.

ही जमात महाराष्ट्रातल्या प्रत्येक नाक्यावर आहे. कुठे तिला तात्या म्हणतात, कुठे मामा. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत ते अण्णा असतात, आणि त्यांना याहून चांगलं कुरण मिळणार नाही. 2006 मध्ये इथे विडी कामगार बायांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, 2024 च्या जानेवारीत इथल्याच रे नगरातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या वाटल्या गेल्या. माळावर गाव वसलं म्हटल्यावर शाळेच्या व्हॅन आल्या, भाजीच्या ओमनी आल्या. पै पै जोडून कुणी चारचाकी घेतलीच, तर माणसाचा तो पहिला संसार असतो आणि गाडीचा चौथा. तिचा एसी चालणार नाही हे मालकानं आधीच पत्करलेलं असतं. गिअर मात्र रोज नवं काहीतरी काढतो, आणि तिथे अण्णा लागतात.

अण्णांच्या हातात पाना कधी कुणी पाहिलेला नाही. हातात चहाचा ग्लास असतो, पाठ रस्त्याकडे असते आणि कान रस्त्याला लागलेले असतात. गाडी वळणावर हळू होते, खालच्या गिअरमध्ये येते, करर्र असा आवाज होतो, आणि अण्णा मागे वळूनही न बघता हात वर करतात. गाडी थांबते. थांबली नाही तर उद्या थांबेल, याची त्यांना खात्री असते.

"दुसरा करकरतोय तुझा."

"होय अण्णा."

"दुसराच, का सगळे?"

"दुसराच."

"मग क्लच नाही बे. क्लच गेला असता तर सगळ्यांनी बोंब मारली असती. आतली पितळी रिंग झिजली तुझी."

आणि मग चहा गार होईपर्यंत रिंगेचं कीर्तन चालतं. दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत असताना त्यांचे दाते एकमेकांत घालायचे, तर आधी दोघांचा वेग एक करावा लागतो. ते काम ही रिंग घासून घासून करते. गावातल्या रहदारीत दुसऱ्या गिअरचा राबता फार, म्हणून बिचारी तीच आधी जाते. "पैसे असतील तर बॉक्स उतरव. नसतील तर तिसऱ्यातनं दुसऱ्यात येताना न्यूट्रलला थांब, क्लच सोड, एक्सिलेटरला जरासा पाय दे, परत क्लच दाब आणि टाक. जुने ट्रकवाले जन्मभर तसंच चालवायचे." पोरगं मान डोलावतं, दोनदा करून बघतं, तिसऱ्यांदा विसरतं आणि पुन्हा करर्र. अण्णांचा दिवस भरतो.

त्यांचं मुख्य शास्त्र मात्र याहून सोपं आहे, आणि ते फुकट आहे म्हणूनच लोकांना पटत नाही. कुणीही "गिअर पडत नाही" म्हणून आला की अण्णा पहिली आज्ञा देतात: "इंजिन बंद कर की आधी." बंद गाडीत क्लच दाबून पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर टाकून दाखवायचे. बंद असताना लोण्यासारखे पडले आणि चालू केल्यावर अडले, तर क्लच पुरता सुटत नाही. वायर ताणली असेल, पेडलचा खेळ वाढला असेल, फारच झालं तर प्लेट नाहीतर प्रेशर प्लेट. बंद गाडीतही अडले, तर क्लचला शिव्या देण्यात अर्थ नाही. दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या सळ्या, बुश, नाहीतर बॉक्सच्या पोटातलं काही. खात्री हवी असेल तर रिव्हर्सची दुसरी परीक्षा. उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. रिव्हर्सला बहुधा ती रिंग नसतेच, त्यामुळे घाई केली तर चांगली गाडीही कुरकुरते. थांबूनही कुरकुरली तर क्लच ओढतोय.

"बॉक्स उतरवावा लागेल" हे वाक्य अण्णांना सहन होत नाही. मेकॅनिक ते बॉनेट उघडण्याआधी बोलतो, असं त्यांचं म्हणणं. पण बॉक्स उतरलाच, तर अण्णा एकदम उलटे उदार होतात: "प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही एकदम बदल. मजुरी एकच लागते. दोनशे रुपयांसाठी जुनं बेअरिंग ठेवलंस तर सहा महिन्यांत परत हिथंच उभा राहशील." हे अगदी खरं आहे. आणि त्या पोरानं परत तिथेच उभं राहावं, अशी अण्णांची मनातून इच्छा असते, हेही तितकंच खरं.

गुरुवारी आणि पौर्णिमेला अण्णांची ओपीडी वाढते, कारण अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या याच रस्त्यानं जातात. एका मे महिन्यात भर दुपारी एक मारुती 800 फाट्यावर थांबली. आत सहा माणसं, एक कळशी आणि जेवणाचा डबा. पहिला गिअर पडेना. पाच मिनिटांत निदानं गोळा झाली. एक म्हणाला क्लच वायर, दुसरा म्हणाला गिअर ऑइल संपलं, तिसऱ्यानं टोइंगवाल्याचा नंबरही शोधला. मागच्या सीटवरच्या आजीबाई "निघताना मांजर आडवं गेलं होतं" एवढंच म्हणत होत्या. अण्णांनी ग्लास खाली ठेवला, ही दुर्मिळ गोष्ट. गाडी बंद करायला लावली, गिअर टाकायला लावले. बंद गाडीत सगळे पडले. मग त्यांनी ड्रायव्हरला उतरवलं, वाकून पेडलखाली हात घातला आणि एकावर एक अशा तीन मॅट बाहेर ओढल्या: मूळची रबरी, तिच्यावर प्लॅस्टिकची, तिच्यावर सीट कव्हरबरोबर भेट मिळालेली जाड मखमली. तिन्ही गोळा होऊन पेडलमागे दडल्या होत्या आणि पेडल तळापर्यंत जातच नव्हतं. "मालक, गालिच्यावर गाडी चालत नसती," अण्णा म्हणाले. गाडी गेली. आजीबाईंनी खिडकीतून नमस्कार केला, तो स्वामींना होता की अण्णांना, यावर टपरीवर अजून वाद आहे.

मॅटचा अपवाद सोडला तर अण्णांचा अंतिम निष्कर्ष ठरलेला असतो. दोष गाडीत नाही, चालवणाऱ्याच्या डाव्या पायात आहे. गाडी चालवताना पाय क्लचवर टेकवून ठेवणारी माणसं त्यांना गुन्हेगार वाटतात. जुनी गाडी विकत घ्यायला कुणी अण्णांना नेलं, तर ते मीटर बघत नाहीत. क्लचच्या पेडलचं रबर बघतात. रबर गुळगुळीत आणि मीटर तीस हजार, म्हणजे मीटर खोटं बोलतंय. रबर कोरं करकरीत असेल तर संशय दुप्पट. मग हँडब्रेक ओढून गाडी चौथ्यात टाकायची आणि क्लच सोडायचा. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लचमध्ये जीव आहे. घरघरत चालूच राहिलं, तर प्लेट घसरतेय. विकणारा इथे घाम पुसायला लागतो. कुंभारीत मे महिन्यात तो कसाही पुसावाच लागतो, म्हणून अण्णा त्याला पुरावा धरत नाहीत.

गिअरचं सुवर्णयुग म्हणजे पद्मिनी, हे त्यांचं पक्कं मत, आणि त्यात सोलापूरचा अभिमान मिसळलेला. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, 1882 चा. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी निघाली. त्यामुळे पद्मिनी ही सोलापूरचीच, असा अण्णांचा हिशेब. तिच्या गिअरचा दांडा बरीच वर्षं स्टिअरिंगखाली आडवा असायचा. तिथून बॉक्सपर्यंत सळ्यांची गुंतागुंत. बुश झिजले की मध्येच सगळं अडकायचं. मग ड्रायव्हर उतरून बॉनेट उघडायचा, एक सळी हातानं ओढायचा, बॉनेट आपटायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं येऊन बसायचा. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा "इकडं आणून ठेवायची की," एवढंच अण्णा बोलले.

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. अण्णांची स्वतःची गाडी म्हणजे टीव्हीएसची मोपेड. तिला गिअरच नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणतात, "दुसऱ्याचं बघता बघता स्वतःसाठी वेळ कुठं मिळतो बे?" सोलापूरला जायचं तर एसटीनं जातात, शक्यतो पुढच्या सीटवर, आणि ड्रायव्हरनं क्लच दाबला की यांचाही डावा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जातो. ड्रायव्हरनं गिअर उशिरा बदलला तर शेजारच्याकडे बघून सुस्कारा टाकतात. शेजारी तिकिटाचे सुटे पैसे मोजत असतो.

हल्ली त्यांच्या धंद्यावर संकट आलंय. कुंभारीच्या रस्त्यावरून विजेच्या मोटारी जायला लागल्यात. त्यांना क्लच नाही आणि गिअर बदलायचाही नाही. अशी एक गाडी आवाज न करता टपरीसमोरून गेली, तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा मान वळवून मागं बघितलं. "बरीय गाडी," म्हणाले, "पण बिघडली तर माणसानं बोलायचं कशावर?"

तेव्हा अक्कलकोटला जाताना तुमची जुनी गाडी कुंभारीपाशी अडली तर घाबरू नका. इंजिन बंद करून गिअर टाकून बघा, पेडलखाली हात घाला आणि मगच बॉनेट उघडा. दोष सापडला तरी लगेच निघू नका. दोन चहा सांगा. अण्णा एकटे चहा घेत नाहीत, आणि पैसे तुम्हीच द्यायचे असतात.