रुळांआधी रक्तदाब

जिंतूर तालुक्यात रेल्वे नाही, आणि याचा कुणाला विसर पडू नये म्हणून दर निवडणुकीला रेल्वेची आठवण काढली जाते. निजामाच्या राज्यात १९०० च्या आसपास मनमाडकडून आलेली गोदावरी व्हॅली रेल्वे सेलू, मानवत रोड, परभणी करत हैदराबादकडे निघून गेली. पुढे पूर्णा जंक्शनहून दुसरा फाटा हिंगोली-वाशिमकडे वळला. या दोन रुळांच्या बेचक्यात जिंतूर, आणि त्याच्याही पलीकडे पूर्णा नदीवर येलदरी. गाडी पकडायची तर आधी एसटी पकडा. (मानवतकरांनी फार हसू नये. त्यांच्या नावाचं स्टेशन आहे खरं, पण पुढे ‘रोड’ लावलेलं; म्हणजे उतरल्यावर मानवत शोधत निघायचं.)

मराठवाड्यात रेल्वे येवो न येवो, सर्व्हे वेळेवर येतो. जालना-खामगाव हा १६२ किलोमीटरचा मार्ग घ्या. तो इंग्रजांच्या अमदानीपासून मोजला जातोय. तेव्हाच्या साखळ्या गेल्या, दुर्बिणी गेल्या, आता ड्रोन आले. मार्ग आहे तिथेच आहे, कागदावर. तेव्हा उद्या कुणी परभणी-जिंतूर-येलदरी-सेनगाव अशी रेघ नकाशावर ओढलीच, तर आमच्या लोकांना धक्का बसणार नाही. चुन्याची फक्की आणि लाल-पांढरी काठी बघून इथलं कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

पण हल्ली नुसती जमीन मोजून भागत नाही म्हणतात. माणसंही मोजायची. प्रस्तावित मार्गाच्या दोन्ही बाजूंना कोण राहतं, किती राहतात, त्यांचं वय काय, वजन काय, त्यांना होतं काय, याचा बेसलाइन सर्व्हे आधी करायचा. कल्पना आम्हाला एकदम पसंत आहे. रेल्वे येईल तेव्हा येईल, निदान रक्तदाब तरी फुकटात तपासून मिळेल.

आणि आरोग्याचा रेल्वेशी काय संबंध, असं कुणी विचारू नये. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा सरकारने आधी स्टेशनांवरच माणसं उभी केली. काखा-जांघांतल्या गाठी चाचपल्याशिवाय प्रवाशाला पुढे सोडत नव्हते. बंगालात सी. ए. बेंटली नावाच्या आरोग्य अधिकाऱ्याने रेल्वेच्या भरावांनी पाण्याचा निचरा अडतो आणि मलेरिया वाढतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कंठरवाने सांगितलं होतं. भराव घालायला माती लागते, माती काढली की खड्डा पडतो, खड्ड्यात पाणी साचतं, पाण्यात डास होतात. आमच्या काळ्या जमिनीत तर साचलेलं पाणी पाहुण्यासारखं महिनोनमहिने मुक्काम ठोकतं. म्हणजे गाडी पाचव्या पिढीला मिळाली तरी डास पहिल्या पावसातच मिळणार.

आता गंमत अशी की, इतकं महत्त्वाचं काम करण्याचं बंधन रेल्वेवर जवळजवळ नाहीच. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला, आणि त्याच कायद्याला जोडलेल्या चौथ्या अनुसूचीत तेरा कायद्यांची यादी देऊन त्यांना त्यातून मोकळं केलं. त्या तेरांत १९८९ चा रेल्वे कायदा आहे. मोबदल्याच्या तरतुदी पुढे २०१५ साली त्यांनाही लागू केल्या, विचारपूस तेवढी राहिली. पर्यावरणाच्या २००६ च्या अधिसूचनेत विमानतळ आहे, बंदर आहे, महामार्ग आहे; रेल्वेमार्ग नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरवर मात्र गावोगाव प्रश्नावल्या फिरल्या, कारण कर्ज जपानचं आणि अटी कर्ज देणाऱ्याच्या. बाहेरचा सावकार आला की आपल्याला आपली माणसं दिसायला लागतात. येलदरीने जपानकडेच अर्ज करावा हे उत्तम.

तरी समजा, सर्व्हे आलाच. दिवस माघाचे. पुण्याहून आलेला चुणचुणीत मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. धरणाच्या वरच्या अंगाला एका तांड्यावर तो पोचतो. दहा दारांपैकी सात दारांना कुलूप. आठव्या ओट्यावर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या, आजूबाजूला चार लेकरं आणि एक करडू.

“आजी, तुमचं वय काय?”

“धरणाच्या आधीची हाय मी.”

टॅबला आकडा हवा असतो. पोरगा धरणाचं साल विचारतो. आजी सांगतात, काम सुरू झालं तवा मी पाटी उचलू लागले होते, अन् बहात्तरच्या दुष्काळात माझी थोरली पोटात होती. पोरगा बोटं मोजतो आणि अडुसष्ट टाकतो. आजी निदान ऐंशीच्या असतात. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात अशी बारा वर्षांच्या सवलतीने होते.

“घरात माणसं किती?”

“आत्ता, का दसऱ्याच्या आधी?”

या एका प्रश्नावर सगळा अहवाल अडतो. दसऱ्याच्या आधी घरात अकरा. आत्ता पाच, त्यातली चार दहा वर्षांखालची. बाकीचे कुठे? ऊस तोडायला, कारखान्यावर. कोणत्या? मुकादमाला ठाऊक. टॅबमध्ये ‘मुकादमाला ठाऊक’ असा पर्याय नसतो.

“काही आजार?”

“कंबर.”

यादीत मधुमेह आहे, उच्च रक्तदाब आहे, क्षयरोग आहे, कंबर नाही. पोरगा ‘इतर’वर टिचकी मारतो. गुडघे, ‘इतर’. डोळ्यांपुढे अंधारी, ‘इतर’. संध्याकाळपर्यंत अख्खा तांडा ‘इतर’मध्ये बसतो आणि जागा शिल्लक राहते. मग तो लोकसंख्येचा मनोरा काढतो, तर खाली लेकरं, वर म्हातारे आणि मधे भोक. महिन्याभराने पुण्यात एखादा तज्ज्ञ ते भोक बघून मोठ्या साथीचा संशय घेणार.

कुणी म्हणेल, हे पोराचं चुकलं, त्याने जनगणनेचे आकडे घ्यायचे होते. घ्या की. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६. अगदी शेवटच्या सहा माणसांसकट पक्की. फक्त ती २०११ ची. त्या वर्षी जन्मलेली लेकरं आता हायस्कुलात आहेत, आणि २०२१ ची जनगणना महामारीच्या नावाने जी टळली ती टळलीच. शिवाय २०११ ची मोजणी झाली कधी? ९ ते २८ फेब्रुवारीला. म्हणजे ऐन गाळपात. मोजणीच्या सबंध काळात जो घरी नसेल त्याला घरी धरायचं नाही, सापडेल तिथे धरायचं, असा नियम. त्यामुळे आमचा ऊसतोड्या सापडलाच असेल तर सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या हिशेबात सापडला असेल, आणि फडातल्या कोपीपर्यंत गणक चिखल तुडवत गेलाच नसेल तर तो भारतात नव्हताच. नव्या जनगणनेसाठी सरकारने संदर्भ तारीख जाहीर केली आहे, १ मार्च २०२७. बर्फाळ मुलखाला आधीची वेगळी तारीख दिली, का तर तिकडे हिवाळ्यात पोचता येत नाही. आमच्याकडे पोचता येतं. दार उघडायला कोणी नसतं एवढंच.

म्हणून आमचं मत असं, की मराठवाड्यातला सगळ्यात विश्वासू लोकसंख्या अहवाल एकच: मुकादमाची वही. लाल पुठ्ठ्याची, रबर लावलेली. तिच्यात कुलूपबंद घर नसतं. कोण धडधाकट आहे, कोणाचा हात मोडलाय, कोणाचं लग्न ठरलंय, कोण बाळंतपणामुळे यंदा येणार नाही आणि त्यापोटी किती उचल वळती करायची, सगळं तिथे आहे. जनगणना माणूस मोजते, मुकादम कोयता मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा, आणि अर्ध्याला उचल अर्धी. आता घरात सोळाची पोरगी असेल, दाराशी ऑक्टोबर आला असेल, आईबाप सहा महिने फडावर जाणार असतील आणि पोरगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची हा घोर असेल, तर तिकडे कुठल्या तरी अर्ध्या कोयत्याचाही पूर्णांक व्हायचा राहिलेला असतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ साली वीस ते चोवीस वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं. अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के, परभणी जिल्ह्यात ४८. राज्यात पहिला नंबर. एरवी परभणी पहिली आली की आम्ही फ्लेक्स लावतो. हा मात्र कुठे दिसला नाही.

शेजारच्या बीडमध्ये तर रेल्वेची रेघही आहे आणि आरोग्याचा आकडाही. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडपर्यंत गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली मुलगी तिथल्या रिवाजाप्रमाणे गाडी येईतो आजी व्हायच्या बेतात आली असेल. तिथल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात अशी ओरड झाल्यावर २०१९ साली ८२,३०९ जणींची पाहणी झाली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीचा खाडा नको, खाड्याचा दंड नको, म्हणून. त्यावर समिती झाली, शिफारशी झाल्या. पाहणी करता येते आणि आकडा मिळतो, हे तेवढं सिद्ध झालं. वजनकाटा नेल्याने कुणाचं वजन वाढत नाही, हे आमच्या अंगणवाडीताई फार वर्षांपासून सांगतायत.

येलदरीला सरकारी रेघ नवी नाही. १९६८ साली धरण पूर्ण झालं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे इथली गावं कायद्याची वाट न बघता बुडाली. कुणाच्या आरोग्याची पार्श्वभूमी कुणी टिपली नाही. पाण्याची टिपली: एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर, त्यातला जिवंत ८१० च्या घरात. धरणातल्या पाण्यात जिवंत किती आणि मृत किती याची रोजच्या रोज नोंद ठेवणारं हे सरकार आहे, हे आम्ही कौतुकाने नमूद करतो. पाणी इथून खाली सिद्धेश्वर धरणात जातं, तिथून कालव्यांनी वसमत-परभणी-नांदेडच्या शिवारात. साडेबावीस मेगावॉटचं वीजघरही आहे. धरण बांधायला वसवलेल्या वस्तीला मात्र अजून ‘कॅम्प’ म्हणतात, जणू ठेकेदार उद्या तंबू गुंडाळणार आहे. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तर नदीच एका बाजूने परक्या जिल्ह्यात गेली.

तेव्हा रेघेचा अनुभव गाठीशी असल्यामुळे सर्व्हे आल्याच्या आठवड्यात काय होईल ते आम्ही आत्ताच लिहून देतो. चुन्याच्या रेघेच्या दोन्ही अंगांना लोकसंख्या एकाएकी फुगेल. एका चुलीवरचे चार भाऊ चार रेशनकार्डांवर जातील. जिथे बाभूळ जगत नाही तिथे आंब्याची रोपं उभी राहतील, पत्र्याचं शेड रात्रीत होईल आणि त्यात मोबदल्यापुरतं कोणीतरी राहायलाही येईल. आणि सातबाऱ्यावरच्या बहिणींची भावांना आठवण येईल. दिवाळीला न आलेला साडीचोळीचा आहेर घेऊन भाऊ थेट बहिणीच्या दारात. सोबत हक्कसोडपत्र आणि टाचणी लावलेला फोटो. बायकांची नोंद एवढ्या बारकाईने घेणारी दुसरी कोणतीही पाहणी आमच्या बघण्यात नाही.

शेवटी आमची एक नम्र सूचना रेल्वे बोर्डाला. पुण्या-मुंबईच्या सल्लागारांवर कोट्यवधी घालवू नका. या मार्गासाठी सल्लागार म्हणून मुकादमच नेमा. माणसं त्याला तोंडपाठ आहेत, दुखणी तोंडपाठ आहेत, देणी तर फारच पाठ आहेत. मानधन तो उचल म्हणून आगाऊ घेईल, ती रीतच आहे. फक्त दसऱ्यानंतर त्याला मीटिंगला बोलावू नका. तो कारखान्यावर असेल, आणि तुमच्या अहवालातली माणसंही.